पाट्यापासून चार बोटं

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत ज्या वस्तूला चाक आहे आणि वायर आहे, तिचं दुखणं माझ्या थोरल्या साडूंना ती न उघडता कळतं. हे विधान त्यांचं स्वतःचं आहे. ते खोडून काढणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. भेटले ते सगळे त्यांचं गिऱ्हाईक होते आणि त्यांच्या गाड्या अजून साडूंच्याच ताब्यात होत्या. वरवे बुद्रुकला रस्त्याकडेला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. एक शटर, एक लाकडी फळी, जुन्या बॅटऱ्यांची रांग आणि बल्बांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पाटी नाही. पाटी का नाही, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "पाव्हणं, डाक्टरला पाटी लागती. देवाला लागती का?"

त्यांची पद्धत कानाची आहे. गाडी आली की ते बॉनेट उघडत नाहीत. मालकाला स्टार्टर मारायला लावतात, डोळे मिटतात, उजवा कान गाडीकडे करतात आणि डावा हात वर धरतात. तो हात खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. रस्त्यापलीकडचा चहावालाही तोवर गाळणी आपटत नाही. भोंगवलीच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ऐन नांगरटीत बंद पडला, तेव्हा साडूंनी तो मोबाईलवरूनच तपासला. फोन इंजिनाजवळ धरायला लावला, दोनदा चावी फिरवायला सांगितली आणि निकाल दिला, "अर्थिंगची वायर उंदरानं खाल्लीया. सीटखाली बघा, उंदीरबी आसंल." वायर कुरतडलेली निघाली. उंदीर मिळाला नाही. त्यावर त्यांचं म्हणणं, "तुमी उशीर केला. तो जेवून गेला." दारावरून जाणाऱ्या एसटीचा आवाज ऐकून हिचा अल्टरनेटर दोन दिवसांचा सोबती आहे, असं त्यांनी माझ्यादेखत सांगितलं होतं. तो तीन दिवसांनी गेला. वरचा एक दिवस त्यांनी ड्रायव्हरच्या पुण्याईच्या खात्यात टाकला.

या कानाच्या जोरावर त्यांनी नसरापूरच्या चौकात, चार माणसांत एक प्रतिज्ञाही करून ठेवली होती. "ज्या दिशी गाडी बोलली आन् मला ऐकाया आली न्हाई, त्या दिशी शटर खाली. चावी हिरीत टाकीन." माणसं हसली. साडू हसले नाहीत. बोललेलं न पाळल्याचं त्यांच्या नावावर एकही उदाहरण नाही. चहात साखर जास्त झाली म्हणून त्यांनी एकदा रागाने साखर सोडली, ती अजून सोडलेलीच आहे.

दुसरी पद्धत बोटांची. दुकानात मोजपट्टी नाही. अंतर चार बोटांत किंवा वितीत सांगायचं, आणि ती बोटं त्यांची. कंपनीच्या माहितीपत्रकाला ते हात लावत नाहीत. "कागद ही कंपनीची भीती हाय," असं त्यांचं मत आहे. गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्यांच्या मतांत आणखी काहींची भर पडली होती. हल्लीचे कुकर शिट्टी करत नाहीत. हल्लीच्या मोबाईलच्या घंट्या नीट वाजत नाहीत. आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या पत्नीची थोरली बहीण, हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. अक्का ओढ्याच्या पलीकडच्या माणसाशी अलीकडून गप्पा मारते, हे सगळ्या वरव्याला ठाऊक आहे. तरीही या तीन मतांची बेरीज आम्ही कुणी केली नाही.

मी सुट्टीत त्यांच्याकडे उतरलो होतो, तेव्हा वकीलबाई आल्या. या बाईंचं पुण्यात ऑफिस आणि पानशेतला शनिवार-रविवारचं घर आहे. गाडी पिवळी, दोन माणसांची, इतकी बुटकी की चहावाल्याचं कुत्रं तिच्या टपावरून पलीकडचं पाहू शकत होतं. वर्षभरापूर्वी ती पाबे घाटात बंद पडली असताना साडूंनी नुसतं ऐकून ती चालू करून दिली होती. तेव्हापासून बाई दुसऱ्या कुणाला तिच्या वायरींना हात लावू देत नव्हत्या. या वेळचं दुखणं वेगळं होतं. पुण्यातल्या पार्किंगमध्ये भिंतीच्या अलीकडे सिमेंटची बुटकी कड असते. ड्रायव्हरला ती दिसत नाही, आणि या गाडीचा पुढचा ओठ नेमका तिच्यावर जाऊन घासतो. दोनदा घासला होता. बाईंनी त्यावर बाजारात मिळणारा सेन्सर मागवला होता. रुपयाएवढ्या दोन चकत्या पुढच्या बंपरमध्ये बसवायच्या, एक डबी आत, आणि काडेपेटीएवढा बझर स्टिअरिंगजवळ. कड जवळ येऊ लागली की बझर थांबून थांबून वाजतो, फार जवळ आली की अखंड.

"जमेल ना, काका?" बाईंनी विचारलं.

"बाई, ह्यात न जमायसारखं काय हाय?" साडू म्हणाले. माहितीपत्रक त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवलं.

बंपरला भोकं पाडायची होती. साडूंनी वीत टाकली, चार बोटं मोजली, खडूने दोन ठिपके काढले आणि ड्रिल उचललं. बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांनी ड्रिल खाली ठेवून सांगितलं, "तुमी तिकडं, अक्कासंगं जाऊन बसा. पोराचं कान टोचताना आईला म्होरं बसवत न्हाईत. पोरापरास तीच जास्त रडती." बाई गेल्या आणि पाठ करून बसल्या. दोन्ही भोकं एका दमात झाली, एकसारखी, कडेला एकही चरा नाही. चकत्या बसवून झाल्यावर साडूंनी त्यांवरून अंगठा फिरवला. पोराच्या कानातली कुडकं शोभून दिसतात का ते पाहावं, तसे चार पावलं मागे सरकून पाहत राहिले.

पुढची अडचण त्यांच्या हातातली नव्हती. चाचणीला कड हवी, आणि वरव्यात तशी कड नाही. दुकानाची पायरी फार उंच. गतिरोधक उतरता. बांध मातीचा, आणि त्याच्यापर्यंत ही गाडी पोचणार नाही. साडू डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले आणि दुकानामागच्या घरात गेले. परत आले ते अक्काचा पाटा छातीशी धरून. मागून अक्का.

"अवं, सकाळचं वाटण राहिलंय माझं!"

"पाच मिन्टं. शास्त्राचं काम हाय."

"शास्त्राचं आसू द्या न्हाईतर मंत्र्याचं. माझ्या आईचा पाटा हाय त्यो. टवका उडाला तर त्या मोटारीचा दिवा काढून त्यावर मिरच्या वाटीन."

बाईंना घाम आपल्या बंपरसाठी फुटला होता. पाट्यालाही वाली आहे हे कळल्यावर त्यांना जरा धीर आला असावा. दोन विटा मांडून त्यांवर पाटा आडवा ठेवला गेला. उंची कडेएवढी झाली. त्याला लसणाचा वास होता.

पहिल्यांदा गाडी आपणच लावणार, असं साडूंनी जाहीर केलं. तीही त्यांची जुनी रीत. स्वतः बसवलेल्या गोष्टीवर पहिला भरवसा स्वतः टाकायचा. ते गाडीत शिरले, म्हणजे जवळजवळ आडवे झाले. "खाटंवर पडून गाडी हाकायची म्हंता," असं आतून ऐकू आलं. बाई उजव्या बाजूला उभ्या राहिल्या, अक्का पाट्याजवळ, मी दोघींच्या मध्ये. इथून पुढे जे घडलं ते मी दहा फुटांवरून पाहिलं आहे.

गाडी मुंगीच्या चालीने निघाली. पाट्यापासून तीन हातांवर बझर वाजला. आवाज बारीक आणि टोकदार होता. सुईने पत्र्यावर रेघ ओढावी तसा. दोन हातांवर तो लवकर लवकर वाजू लागला. साडूंचा चेहरा शांत होता, डोळे अर्धे मिटलेले आणि डावा हात आतच टपाकडे वर धरलेला. ते ऐकण्यासाठी थांबले होते. एका हातावर बझर अखंड किंचाळू लागला. चहावाल्याचं कुत्रं उठून निघून गेलं. गाडी पुढेच येत होती.

"थांबा, काका!" बाई ओरडल्या. "अवं!" अक्का ओरडली. गाडी थांबली. ती या हाकांनी थांबली की आपली आपण, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

साडूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "न्हाई वाजत," ते म्हणाले. "बझर मेलेला आलाय. आता परत पाठवायचा म्हंजी आली का पंचाईत."

बझर त्या क्षणीही वाजत होता.

बाईंनी तोंड उघडलं. अक्काने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग ती खिडकीशी गेली, वाकली, आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात काही बोलली. त्यांना ते ऐकू गेलं नसावं, कारण तिने त्यांचा हात धरून बझरवर ठेवला. ती काडेपेटीएवढी डबी त्यांच्या बोटाखाली थरथरत असणार. साडू ते बोट तसंच ठेवून बसून राहिले. मग चावी फिरवून गाडी बंद केली आणि उतरले. पुढे येऊन बसले आणि बंपर आणि पाटा यांच्यामध्ये हात घातला.

"चार बोटं," ते म्हणाले. अंतर बरोबर होतं.

नंतर ते दुकानाकडे गेले आणि त्यांनी शटरची कडी धरली. चौकातली प्रतिज्ञा आम्हा सगळ्यांना आठवली. गाडी बोलली होती आणि त्यांना ऐकू आली नव्हती, तेही तीन साक्षीदारांसमोर, ज्यांतली एक वकील. शटर कुरकुरत कमरेपर्यंत खाली आलं. घराच्या मागे विहीर आहे. अक्का तिथूनच म्हणाली, "शटर पाडा खुशाल. पन आदी माझा पाटा घरात नेऊन ठिवा. उपाशी बसून काय रडायचं?"

साडू वळले. पाट्याकडे पाहिलं, पिवळ्या गाडीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"बाई, तुमी गाडीत गाणी लावता?"

"लावते की. मोठ्याने."

"मग हा बझर काय कामाचा? गाण्यात कसा ऐकाया यायचा?" त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता. "कंपनीला डोकं न्हाई. हितं दिवा पायजे. दिवा कुनाच्या गाण्याखाली दबत न्हाई."

"खरंच की," बाई म्हणाल्या. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." वकिलाने काहीही न विचारता मान्य केलेलं दुसरं विधान मी ऐकलेलं नाही.

शटर वर गेलं. बिस्किटांच्या डब्यातून वाटाण्याएवढा लाल दिवा निघाला, बझरच्याच वायरीला जोडला गेला, आणि पाटा आणखी पाच मिनिटं जागेवर राहिला. दुसऱ्या खेपेला साडू डोळे उघडे ठेवून बसले. दिवा लुकलुकला, मग भराभर लुकलुकला, मग स्थिर पेटला, आणि गाडी पाट्यापासून चार बोटांवर थांबली. त्यांनी बाईंना चावी दिली. अक्काने पाटा उन्हात धरून सगळीकडून तपासला. टवका नव्हता.

प्रतिज्ञेचं काय झालं, असं विचारण्याची हिंमत मी पुढच्या भेटीत केली. "मोडली न्हाई," ते म्हणाले. "गाडीचं दुखणं जाड आवाजात आसतं, पाव्हणं. इंजन, पट्टा, स्टार्टर, समदं अजून ऐकाया येतंय. बारीक आवाज निस्ता खेळन्यांचा. खेळनं बोललं म्हंजी काय गाडी बोलली न्हवं." हा खुलासा त्यांनी नसरापूरच्या चौकातही दिला आणि तो मंजूर झाल्याचं समजतं. दिव्याचा सेन्सर आता त्यांचा स्वतःचा शोध मानला जातो. पानशेतच्या वाटेवरून आणखी दोन बुटक्या गाड्या त्यासाठी येऊन गेल्या. पाटा दोन्ही वेळा बाहेर आला, आणि दोन्ही वेळा अक्काने आधी वाटण उरकून घेतलं होतं.

मागच्या महिन्यात गेलो तर घरातही बदल दिसला. दारावरच्या बेलला एक लाल दिवा जोडलेला, आतल्या भिंतीवर, पंख्याच्या बटणांशेजारी. मोबाईल ठेवायच्या फळीवर तसाच दुसरा. मी त्याकडे पाहतोय हे साडूंच्या ध्यानात आलं.

"हिच्यासाठी केलं," त्यांनी मान स्वयंपाकघराकडे केली. "वय झालं. हिला ऐकाया येत न्हाई हल्ली."

मी पाणी प्यायला आत गेलो. अक्का भाकरी थापत होती. "अक्का," मी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हाला येतं ना ऐकू?"

"येतं की." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पन घरात एकाला तरी बहिरं व्हायाच लागतं. त्यास्नी दुकान हाय. म्या झाले."

तेवढ्यात बाहेर कुणी तरी बेल दाबली. आवाज आम्हा दोघांना स्वच्छ ऐकू आला. अक्का जागची हलली नाही. तिने पीठ लागलेला हात तसाच धरला आणि दारातून बाहेरच्या खोलीच्या भिंतीवरच्या दिव्याकडे पाहत राहिली. दिवा पेटला होता. बाहेरच्या खोलीतून साडूंचा भरदार आवाज आला, "अगं, दारात कोन तरी आलंय! तुला कुठलं ऐकाया येतंय म्हना."

"व्हय का?" अक्का आतून मोठ्याने ओरडली. "कोन आलंय, बघा की!"