यशवंतदादांनी गाळलेलं साल

उचगावात आमच्या शेजारी राहणारे यशवंतदादा देशातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धेचे विजेते सालवार म्हणत. दाढी करताना, कुंड्यांना पाणी घालताना, आपल्याशीच. एक साल मात्र ते दर वेळी गाळत. तिथं आले की जरा थांबत आणि पुढच्या सालावर जात. त्या साली ते स्वतः स्पर्धेत होते, एवढं मला ठाऊक होतं. हरल्याचं शल्य असेल, असं मी धरून चाललो होतो.

दादा हा खेळ सैन्यात शिकले. कुस्तीवर जीव टाकणाऱ्या आमच्या भागात त्याचं कुणाला काय असणार? कुणी विचारलंच तर म्हणत, "ह्यात कुणाला पाडायचं नसतंय. चेंडू पडला तिथनं खेळायचा, बास." हेच वाक्य ते सगळीकडं वापरत. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा घरी येऊन तिच्यापुढं चहाचा कप सरकवत त्यांनी तेच सांगितलं. चार दिवसांनी ती पहिल्यांदा हसली.

खरी हकीकत दादांच्या बायकोनं, वहिनींनी, माझ्या बायकोला एकदा सांगितली. स्पर्धा चार दिवसांची, कमीत कमी फटके घेईल तो जिंकतो. त्या साली तिसऱ्या दिवशी दादा इतके चांगले खेळले, की एका फेरीत एवढे कमी फटके त्या स्पर्धेत तोवर कुणालाच लागले नव्हते. ते पहिले होते. चौथ्या दिवशी सकाळी घरून फोन गेला. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा मिलिंद डेंगीनं दवाखान्यात होता. दादा न खेळताच दिल्लीहून मिळेल त्या विमानानं निघाले. मिलिंद काही राहिला नाही. त्यानंतर त्या घरात त्याचं नाव कुणी काढलं नाही.

विक्रम मात्र राहिला. दर वर्षी स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्याकडं टीव्ही बघायला जाई. समालोचक विक्रमाचा उल्लेख करत, दादांचं नाव घेत, साल सांगत. मी कौतुकानं वळून बघावं, तर दादा पाणी प्यायला उठलेले. वहिनी त्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत.

गेल्या वर्षी बंगळूरच्या एका तरुणानं तो विक्रम मोडला. दादा तेव्हा मूत्रपिंडाच्या आजारानं अंथरुणाला खिळले होते. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांनी तो वाढवायला लावला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं झालं, मास्तर," ते म्हणाले. "दरसाली माझं नाव घ्यायचे आणि साल सांगायचे. लोकांस्नी विक्रम ऐकू यायचा. मला पोरगं ऐकू यायचं."

मग त्यांनी वहिनींना हाक मारली. दिवेलागणीपर्यंत ते मिलिंदबद्दल बोलत होते. तो दप्तरात गोल्फचे चेंडू घालून न्यायचा, भाकरीचा पापुद्रा तेवढा खायचा, सायकलवरून पडला तरी रडायचा नाही. वहिनी खाटेच्या कडेला बसून ऐकत होत्या. मधूनच एखादी गोष्ट दुरुस्त करत होत्या.

महिन्याभरात दादा गेले. बुद्धवंदना झाली, लोक त्यांच्याबद्दल बोलले. त्या दिवशी खेळले असते तर विजेत्यांत नाव लागलं असतं, असं एकानं हळहळून म्हटलं. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या गोळा करत होतो. वहिनी जवळ आल्या.

"त्यो फोन मीच केलता," त्या म्हणाल्या. "पोरगं पहाटंच गेलतं. ह्यांना म्हटलं, जास्त हाय, तुमची वाट बघतोय. संध्याकाळी दारात आले तवा कळलं त्यांना. खोटं का बोललीस, म्हणून कधी इचारलं न्हाय."

त्यांनी माझ्या हातातली खुर्ची घेतली आणि भिंतीला लावली.

"लांबचा परवास हुता, मास्तर. तेवढा एक दिस तरी त्यांचं पोरगं जितं ऱ्हावं, म्हटलं."