सहावा हक्क

सरजाबाईला सात मूलभूत हक्क तोंडपाठ होते आणि ही गोष्ट ती गावात कुणाला विसरू देत नसे. बाकी तिची शाळा सातवीतच संपली. पण त्या सातवीत पाठांतराची स्पर्धा झाली होती, गुरुजींनी घटनेतले हक्क घोकून घेतले होते, आणि ही पोरगी सगळ्यांना मागं टाकून पहिली आली. बक्षीस म्हणून स्टीलचा पेला मिळाला. बापानं पेला उलटसुलट करून पाहिला, खूश झाला आणि म्हणाला, "लई शिकली. आता बास." दुसऱ्या दिवसापासून ती खुरपायला जाऊ लागली. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात जळकोटच्या बाजूला गुरुपादप्पाच्या घरी नांदायला आली, तेव्हा आंदणाच्या भांड्यांत तो पेला होता आणि डोक्यात ते हक्क होते.

एकेका बोटावर एकेक ठेवलेला. समतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा, धर्माचा, शिक्षण-संस्कृतीचा, मालमत्तेचा, आणि शेवटचा कोर्टात दाद मागायचा. सहाव्याला तिचा आवाज आपोआप चढायचा. शेतकऱ्याच्या घरात बाकीच्या हक्कांशी गाठ कधीमधी पडते, जमिनीशी रोज पडते. गुरुपादप्पा तिला 'वकिलीणबाई' म्हणायचा. म्हणायचा चेष्टेनं, पण ऐकायचा तिचं.

ऐकायला कारणही घडलं. एका वर्षी सरपंचानं त्यांच्या खालच्या रानातून गाडीवाट रुंद करायचं काढलं. सरजाबाई पदर सावरत ग्रामसभेत उभी राहिली आणि बोटांवर मोजत सगळे हक्क धडाधडा म्हणून दाखवले. वाटेचा विषय पुन्हा निघाला नाही. खरं सांगायचं तर निवडणूक तोंडावर आली होती आणि सरपंचाला गुरुपादप्पाच्या भावकीची मतं हवी होती. पण हे कोण बोलणार? गाव म्हणालं, बाईनं कायदा दाखवला. बाईही तेच म्हणाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिची मूठ उघडायची वेळच पुढं कितीतरी वर्षं आली नाही.

मग गुरुपादप्पा आजारी पडला, आणि तो उठणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं. त्यांच्या लिंगायत घरात माणूस गेलं की जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवतात. मांडी घातलेली, हातात लिंग दिलेलं, कपाळी विभूती. नवराबायकोच्या जागा शेजारीशेजारी असतात. जागेचं बोलणं त्यांच्याकडं माणूस शुद्धीवर असतानाच होतं, त्यात कुणाला अशुभ वाटत नाही.

"वैनी, दादाला वरल्या माळावर बसवू," धाकटा दीर किशनराव म्हणाला. "खालच्या रानातून मोठा रस्ता जानार म्हनून राहिलेत. झेंड्या रोवून गेलेत लोकं."

गुरुपादप्पाला खालचं रान हवं होतं. तिथली विहीर त्यानं स्वतः खणली होती. तो खाटेवरून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिला.

"कोन उठवतंय तुमाला तिथून?" सरजाबाई म्हणाली. "सहावा हक्क हाय आपला. सरकारला हात लावता येत न्हाई."

"वकिलीणबाई म्हनती तर मग तसंच," तो म्हणाला, आणि त्या आजारातही हसला. सून बबिता तेव्हा उशाशी बसून त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. तिनं मान वर करून सासूकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

त्याला विहिरीजवळ बसवलं. शेजारची आपली जागा सरजाबाईनं स्वतः पावलांनी मापली, कडेनं दगड लावले, आणि तिथं कधी काही पेरू दिलं नाही. सोयाबीन काढायला आलेल्या बायकांना ती जागा दाखवून म्हणायची, "हे माझं घर."

रस्ता आला. आपल्याकडं पावसाची बातमी खोटी ठरते, पुढाऱ्याचा शब्द खोटा ठरतो, पण जमीन जाण्याची अफवा तेवढी कधी खोटी ठरत नाही. नोटिसा लागल्या, तालुक्याला सुनावणी ठेवली. मुलगा वैजनाथ म्हणाला, "आई, साऱ्या शिवाराचं जाऊन राहिलं, आपलंच धरून काय बसतीस?" तो काही वाईट नव्हता, हेलपाटे घालून दमला होता. सरजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, विभूती लावली, बबिताला सोबत घेतलं आणि एसटीत बसली.

सुनावणी घेणारा साहेब तरुण होता आणि अदबीनं बोलत होता, हेच वाईट झालं. तो खेकसला असता तर तिला भांडता आलं असतं. त्यानं सगळे हक्क शेवटच्या बोटापर्यंत ऐकून घेतले. मागं उभे असलेले लोकही थांबले.

"आजी, पाठांतर चांगलं आहे तुमचं," तो म्हणाला. "पण मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिला नाही. घटना दुरुस्त करून तो त्या यादीतून काढला. हक्क आहे, पण साधा कायदेशीर. कायद्यानं मोबदला देऊन जमीन घेता येते."

"कवा काढला?"

"जुना बदल आहे. एकोणऐंशीच्या जूनमध्ये लागू झाला."

तेव्हा सरजाबाईच्या अंगावरची हळद अजून उतरली नव्हती. नव्या घरी जात्यावर बसून ती जे म्हणत होती, ते तेव्हाच निकालात निघालं होतं. एवढा संसार झाला, लेकरं झाली, नातवंडं झाली, आणि एवढ्या काळात तिला हे सांगायला कुणी आलं नाही.

"मंग आमाला काऊन सांगितलं न्हाई?" ती म्हणाली.

"पेपरात आलं असेल तेव्हा," साहेब म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

"माझा मालक बसलाय तिथं, साहेब."

त्यानं कागद चाळले. विहीर लिहिली होती, झाडं लिहिली होती, पाइपलाइन लिहिली होती. "समाधीचंही लिहू," तो हळूच म्हणाला. "दगडी बांधकामात धरता येईल."

ती मागं वळली. लोकांनी वाट करून दिली आणि ती बाहेर आली.

परतीच्या गाडीत बबिता खिडकीकडं तोंड करून रडत होती. सरजाबाईनं तिला कोपरानं डिवचलं. "तू काऊन रडतीस? तुझा नवरा जित्ता हाय."

"आत्या, मला शाळेत सहाच शिकवले होते," बबिता म्हणाली. "मालमत्तेचा नव्हता त्यात. लग्न होऊन आले तवापासून तुमचे सात ऐकते. आधी वाटलं, माझंच चुकतंय. मग कळलं. पन कसं सांगू?"

"मामंजीला पानी पाजून राहिलतीस तू. तवा बोलायचं."

"बोलले असते तर ऐकलं असतं का तुमी?"

ऐकलं नसतं, हे सरजाबाईलाही ठाऊक होतं. सासूच्या पाठांतरात चूक काढणारी सून अजून आपल्याकडं जन्माला यायची आहे, आणि आली तरी तिला त्या घरात भाकर गोड लागायची नाही. राग आला तिला, भयंकर आला, पण तो ठेवायचा कुणावर? गुरुजी कधीच वारले होते.

बबितानं डोळे पुसले आणि सासूचं मन हलकं करायला बघितलं. "म्या मोबाईलवर वाचलं, आत्या. तो हक्क होता तवाबी सरकारला रस्त्यासाठी जमीन घेता येतच होती, पैसे देऊन. मूलभूत होता म्हनून थेट दिल्लीच्या कोर्टात जाता येत होतं, येवढंच. अन् एक नवा हक्क आलाय आता. सहा ते चौदा वर्साच्या लेकराला शाळा मिळालीच पायजे म्हनून."

"चौदा?" सरजाबाई म्हणाली. "मला तेरावं होतं बापानं काढलं तवा."

सुनेला वाटलं आपण धीर दिला. सासूला मात्र आता दुहेरी लागलं होतं. जो हक्क उराशी धरला तो गेला होता, असता तरी पुरला नसता, आणि जो खरा उपयोगी पडला असता तो तिच्यामागून आला. ती एक हक्क तरी पुरता शिकली असती, तर तो माणूस आज माळावर निवांत बसला असता. त्याला खाली बसवला तो रस्त्यानं नव्हे, सरकारनंही नव्हे. तिनं बसवला.

मशिनी विहिरीशी यायच्या आदल्या दिवशी अय्यांना बोलावलं. गावातल्या लिंगायतांचं सगळं बरंवाईट हेच जंगम बघतात. ते म्हणाले, "देहाची माती झालीय, माय. मूठभर घ्या, माळावर ठेवा. तो तिथं येतो." सरजाबाईनं समाधीपाशी बसून माती पदरात घेतली. कडेच्या दगडांकडं, आपल्या मोकळ्या जागेकडं, तिनं बघायचं टाळलं.

माळ खडकाळ. किशनराव आणि वैजनाथ पहारीनं खड्डा करत होते, ठिणग्या उडत होत्या. किशनरावानं एकदाही म्हटलं नाही की मी तेव्हाच सांगत होतो. म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. माती खड्ड्यात ठेवली, अय्यांनी विभूती टाकली, बेलाचं पान वाहिलं. वैजनाथ हळूच म्हणाला, "आई, शेजारची तुझी जागा मापून ठिऊ का?" तिनं मान हलवून नको म्हटलं.

सगळे तिच्याकडं बघत थांबले. घरच्या माणसानं दोन शब्द बोलल्याशिवाय खड्डा बुजवत नाहीत.

"वैनी, बोला की," किशनराव म्हणाला. "दादाला सांगा, इथून आता कुनी उठवत न्हाई म्हनून."

सरजाबाई वाकली. दोन्ही हातांनी माती लोटायला लागली.

"मागल्या खेपेला सांगितलं होतं म्या," ती म्हणाली.