छपराला हात लावू नये

तुकईथडच्या भिकनला मी चाळीस वर्षं ओळखत होतो. मी गवंडी, तो छपरावर कवेलं, म्हणजे कौलं, चढवणारा. भिंत माझी, भिंतीच्या वरचं त्याचं. दिवसाला आठशे कवेलं लावणारे त्या भागात पुष्कळ होते. भिकन सहाशे लावायचा. आठशेवाल्यांना लोक दर वर्षी बोलवत, भिकनला पाच-सहा वर्षं बोलवावं लागत नसे. चांगलं काम करून त्याने स्वतःचीच मजुरी बुडवली, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्याच्या बायकोने सांगितलं होतं. उपयोग झाला नाही.

त्याची एक पद्धत होती. छप्पर पडलं की तो आधी खाली पडलेला माल निवडायचा. एकेक कवेलू हातात घेऊन बोटाच्या गाठीने वाजवायचं. खणखणलं तर चांगलं, बद्द आवाज आला तर आतून तडा. चांगली कवेलं उभी करून, एकाला एक टेकवून, शंभर-शंभराच्या रांगा लावायच्या. बांबू वेगळे बांधायचे, वासे वेगळे. जमीन झाडून घ्यायची. हे सगळं झाल्याशिवाय तो शिडीला पाय लावत नसे. या सवयीने त्याच्या बहिणीचं घर कसं बुडवलं, ते सांगतो.

सन छप्पनचा वैशाख. दुपारी चारच्या सुमाराला वादळ आलं आणि वीस मिनिटं राहिलं. खाली तापीकाठच्या केळी आडव्या झाल्या. आमच्या गावातली एकाहत्तर घरं उघडी पडली. शाळेचे पत्रे अर्ध्या कोसावर सापडले. वीस मिनिटांत वादळाने आपलं काम पुरं केलं. त्याला कुणाची सही लागली नाही.

तिसऱ्या दिवशी पटवारी आला आणि कोतवालाकडून दवंडी पिटवली. पंचनामा होईपर्यंत मोडक्या छपराला कुणी हात लावू नये. जो लावील त्याला सरकारी बांबू आणि कवेलं मिळणार नाहीत. गावाला वाटलं, सरकार आलं. सरकार बैलगाडीतून उतरलं, दवंडी पिटवून, ताक पिऊन परत गेलं.

भिकनची थोरली बहीण मनकर्णा त्याच्या मागच्याच गल्लीत राहायची. नवरा गेलेला, एकच मुलगी कमल. घर दोन खोल्यांचं, एक पुढची आणि एक आतली. दोन्हींवर आभाळ. कमलला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. तिच्या सासरी सासू नव्हती, दुसरी बाईही नव्हती. त्यामुळे परत पाठवायचा प्रश्न नव्हता. श्रावणात बाळंतपण, त्याआधी दीड महिना पाऊस. आतल्या खोलीवर छप्पर हवं होतं. भिकनला गेलं वर्षभर एवढं सोपं गणित कुणी घातलं नव्हतं.

"आक्का, काळजी करू नको," तो म्हणाला. "साहेब येऊन बघून गेला की दोन दिवसांत चढवतो."

हुकूम छपराला हात न लावण्याचा होता. जमिनीवर पडलेल्या मालाबद्दल दवंडीत काही नव्हतं. म्हणून भिकन निवडायला बसला. तीन दिवसांत मनकर्णाच्या अंगणात अकराशे चाळीस कवेलं रांगेत उभी राहिली. बांबूच्या मोळ्या बांधल्या. मनकर्णाने जमीन सारवली. साहेबाला घर स्वच्छ दाखवावं, असं तिला वाटलं.

दहा दिवसांनी पंचनाम्याला कानूनगो, म्हणजे पटवाऱ्याचे वरचे साहेब, आले. गावातल्या लोटूच्या घरी त्यांना पाय ठेवायला जागा मिळाली नाही. लोटूने काही उचललं नव्हतं. उलट शेजारच्या दोन घरांचा कचरा रातोरात आणून त्यात टाकला होता. कानूनगोंनी हळहळून लिहिलं, संपूर्ण नुकसान. मग ते मनकर्णाच्या अंगणात आले.

"हा नवा माल कुणाचा?"

"जुनाच आहे, साहेब," भिकन म्हणाला. "निवडून ठेवला."

"छप्पर कुणी उतरवलं?"

"वादळानं."

"वादळ असं रचून ठेवतं?"

पटवारी मोठ्याने हसला. साहेब हसला की हसायचं, हे काम तो मन लावून करायचा. कानूनगोंनी लिहिलं: बांधकाम सुरू आहे, नुकसान आढळले नाही. जाताना विचारलं, या बांधकामाची परवानगी घेतली आहे का?

संध्याकाळी पारावर लोटूने भिकनला गाठलं. "काय भिकनभाऊ, गरिबी कुणी अशी रांगेत मांडतं का? पसारा ठेवावा लागतो, बाप्पा! मला विचारायचं होतं. माझ्या घरचा थोडा दिला असता."

"तुझ्या घरचा तुलाच पुरत नाही," भिकन म्हणाला. "शेजाऱ्याचा आणावा लागतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो बऱ्हाणपूरला निघाला. खकनारपर्यंत चालत, पुढे मोटर. तहसील कचेरीत लीलाधर बाबू होते. माणूस वाईट नव्हता. बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि चार तासांनी बोलावलं.

"पंचनाम्यात खाडाखोड होत नाही. दुसरा पंचनामा होईल."

"कधी?"

"पहिल्याचा निकाल लागल्यावर."

"पहिला कुठे आहे?"

"खांडव्याला. तिथून नागपूरला जाईल. पण आता राज्यांची मोडजोड चालली आहे ना. नागपूरवाले कपाटं बांधून राहिलेत आणि भोपाळवाल्यांनी अजून उघडली नाहीत."

"बाबूजी, पोरीचे दिवस भरत आलेत. पाऊस तोंडावर आहे."

लीलाधर बाबूंनी खरोखर विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक करा. तो ढीग मोडून टाका. थोडी कवेलं फोडा, इकडेतिकडे फेका. दुसऱ्या पंचनाम्याला बरं दिसेल."

चालणं आठ कोस, मोटरीत चार तास, कचेरीत चार तास, बोलणं पाच मिनिटं. त्यातून अक्कल मिळाली ती एवढी की चांगली कवेलं फोडा. भिकन मला म्हणाला, "बाबूनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

तो परतला तोवर पटवारी आणखी एक भर घालून गेला होता. गावात एक जरी छप्पर चढलं, तर गाव आपल्या पायावर उभं राहिलं असा अहवाल जाईल. मग कुणालाच काही नाही. एकाहत्तर घरं आता एकमेकांवर पहारा करू लागली. सरकारला शिपाई ठेवावा लागला नाही.

जेठ सरत आला. एक सर येऊन गेली आणि कमल ती सर अंगावर घेत भिंतीला टेकून बसली होती. तिसऱ्या दिवशी भिकनने शिडी काढली. लोटू चार माणसं घेऊन आला.

"हे काय करून राह्यला तू? तुझ्या एका भाचीपायी एकाहत्तर घरं बुडतील."

"तिच्या पोटातल्याला सांगून बघ, थांबतं का," भिकन म्हणाला. "पंचनामा व्हायचाय म्हणावं."

"चेष्टा नको, भाऊ. गावाचा विचार कर."

"केला. पुढची खोली रस्त्यावरून दिसते, ती गावाची आणि सरकारची. तिला हात लावत नाही. आतली माझ्या बहिणीची. ज्याला अहवाल धाडायचा त्यानं धाडावा. आता शिडी धरतो की बाजूला होतो?"

लोटू बाजूला झाला. शिडी मी धरली.

आतल्या खोलीला अकराशे कवेलं लागत होती. होती अकराशे चाळीस. ढीग मोडला असता तर ही खोली झाली नसती, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. एक कोपरा ढासळला होता, तो मी एका दिवसात उचलला. भिकनने दोन दिवसांत वळचणीपासून आढ्यापर्यंत काम नेलं. भर उन्हात, भर गावासमोर. कुणी हात लावला नाही, कुणी अडवलंही नाही. सगळे बघत होते.

चौथ्या दिवशी आशाबाई अंधार पडल्यावर भिकनकडे आली. तिच्या घरात अंथरुणाला खिळलेला सासरा होता. "भाऊ, माझीपण आतलीच खोली. रस्त्यावरून दिसत नाही." मग शेजारचा कडू आला. मग रोज कुणीतरी. पावसाची उघडीप मिळेल तशी, श्रावण लागेपर्यंत भिकनने तेवीस घरांच्या आतल्या खोल्या झाकल्या. रस्त्यावरून गाव मोडकंच दिसायचं, सरकारला हवं होतं तसं. मागच्या बाजूला माणसं कोरडी झोपत होती.

शेवटी लोटू आला. भिकनने त्याच्या घरात डोकावून पाहिलं. "आधी निवड," म्हणाला. लोटूला चार दिवस लागले, कारण त्यात तीन घरांची कवेलं होती आणि शेजारी आपापली ओळखायला येऊन बसले होते.

कमलला श्रावणात मुलगी झाली. आतल्या खोलीत, कोरड्या जमिनीवर. वर रात्रभर पाऊस वाजत होता. सुईण म्हणाली, एक थेंब नाही. भिकन अंगणात गोणपाट पांघरून बसला होता. तो म्हणाला, "कसा येईल?"

पाचव्या दिवशी, मुसळधार पावसात, दुसरा पंचनामा आला. सरकारला आमची आठवण झाली ती अशी. नायब तहसीलदार, पटवारी आणि एक शिपाई. छत्री एकच होती आणि ती कागदांवर धरलेली होती. मनकर्णाच्या घरी येताच तिघेही आतल्या खोलीकडे धावले. मनकर्णा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आत बाळंतीण आहे. आज पाचवी. परका माणूस आत येत नाही."

"अहो बाई, पाऊस आहे!"

"आहे ना. वैशाखात या म्हणत होतो."

पाचवीला बाळंतिणीच्या खोलीत शिरणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मला नाही, मग तो नायब असो की आणखी कुणी. साहेब पुढच्या खोलीत, उघड्या आभाळाखाली उभे राहिले.

"इथलं छप्पर अजून का नाही घातलं?" ते तोंडावरचं पाणी पुसत ओरडले.

"हुकूम आहे, साहेब," भिकन म्हणाला. "हात लावू नये."

"आणि आतली खोली? ती कशी शाबूत?"

"वादळानं सोडली."

पटवारी न राहवून म्हणाला, "एवढी नीट?"

"या वादळाला रचून ठेवायची सवय आहे. कानूनगो साहेबच म्हणाले होते ना."

साहेब हसले नाहीत म्हणून पटवारीही हसला नाही. त्याने विचारलं, घरात माणसं किती? मनकर्णा म्हणाली, तिघी. पटवारी म्हणाला, वादळाच्या दिवशीचा आकडा लिहायचा असतो, त्या दिवशी दोघी होत्या. मुलगी आतून रडत होती, पण तिला कागदात जागा नव्हती. साहेबांनी भिजत्या कागदावर लिहिलं, छप्पर अंशतः उडाले. एवढं बघायला तीन महिने लागले.

ऐन दिवाळीत नवीन राज्य झालं. आमची राजधानी भोपाळ. कमलचं सासर, सरकारी बांबूचं कोठार आणि आमचा आठवडी बाजार, तिन्ही एकाच दिवशी मुंबई राज्यात गेले. आम्ही जिथे होतो तिथेच होतो. पंधरा दिवसांनी मनकर्णाच्या नावाने मंजुरीचा कागद आला. चाळीस बांबू, सहाशे कवेलं. नागपूरची सही, जुनी तारीख. मी आणि भिकन गाडी जुंपून कोठारावर गेलो. तिथल्या माणसाने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हा तुमच्या सरकारचा कागद आहे."

"बांबू कुणाचे?"

"आमच्या सरकारचे."

"वैशाखात तर एकच सरकार होतं."

"तेव्हा यायचं होतं," तो म्हणाला.

गाडी रिकामी परत आणली. भिकनने गावच्या कुंभाराच्या भट्टीवरची शेड शाकारून दिली आणि त्या बदल्यात कवेलं घेतली. मार्गशीर्ष लागायच्या आत पुढची खोलीही झाकली. सरकारी दप्तरात ती अजून उघडीच असावी.

मग कमल सासरी निघाली. नवरा गाडी घेऊन आला होता. भिकनने उरलेल्या बांबूच्या पट्ट्यांचा पाळणा विणला होता, तो गाडीच्या मागे बांधला. आम्ही शिवेपर्यंत पोचवायला गेलो. जंगलखात्याच्या नाक्यावर शिपायाने गाडी थांबवली. दिवाळीपर्यंत तो हात हलवून गाड्या सोडायचा.

"बांबू आहे. पास?"

"पाळणा आहे," जावई म्हणाला.

"बांबूचा आहे ना? दुसऱ्या राज्यातून येतोय. पास लागतो."

"कुठे मिळतो?"

"बऱ्हाणपूर. अर्ज करा, चौकशी होईल."

जावई हुज्जत घालायला खाली उतरला. भिकनने त्याला हाताने थांबवलं. त्याने पाळण्यातल्या मुलीला उचलून कमलच्या मांडीवर दिलं, दोरी सोडली आणि पाळणा खांद्यावर घेतला.

"जा पोरी, दिवस मावळायच्या आत पोच," तो म्हणाला. "हा इथंच राहू दे. पुढच्या बाळंतपणालाही इकडंच यायचंय तुला."