नव्वदच्या पुढचे चंद्र

सोमवारी प्रबंध जमा करायचा होता आणि गुरुवारी सकाळी, काळेवाडीहून चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये, माझी नजर एका ओळीवर ठरत नव्हती.

घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. बीएस्सी झाले तेव्हा वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले आणि मी मान ताठ करून प्रत्येक दारात गेले. नोकरी लागली ती क्वालिटीत. आलेला माल मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, पास नाहीतर होल्ड, म्हणजे रोखून ठेवायचा. ते सांभाळून शनिवार-रविवारच्या वर्गांवर एमएस्सी काढत आणली. या सत्रात प्रबंध मंजूर झाला, तर भोसरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला घेणार होते. उशीर झाला की जागा दुसऱ्याची.

विषय होता शनीचे बाहेरचे चंद्र. लांबून, तिरक्या वाटांनी फिरणारे बारके दगड. एखादा मोठा चंद्र फुटला की त्याचे तुकडे साधारण एकाच अंतरावर, एकाच कलानं, म्हणजे तेवढ्याच तिरक्या वाटेनं, फिरत राहतात. वाटा जुळल्या की नातं लागतं. मी चार घराणी लावली होती. चौथं, पस्तीस अंशांच्या आसपास कललेलं, कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते माझं होतं.

शेजारी नेहमीच्या ताई. लातूरकडच्या, असेंब्ली लाइनवरच्या.

"काय वाचायलीस गं? बसपेक्षा तूच जास्त हलायलीस."

"शनीचे चंद्र, ताई. शंभराच्या वर आहेत."

"अगं बया! आपला एकच हाय, तर उपास धरून त्याची वाट बघावी लागती."

मी ऐटीत सांगितलं, यातले निम्म्याहून जास्त उलटे फिरतात. वाटेचा कल नव्वद अंशांच्या पुढं गेला की चंद्र उलटा.

ताईंनी माझ्या तक्त्यावरून बोट खाली नेलं. "मंग ह्यात तर समदे नव्वदच्या आतच हायत की. उलटे कुठं गेले?"

मी हसतच तक्ता पुन्हा वरून खाली वाचला; एकही आकडा नव्वदच्या पुढे नव्हता.

कंपनीतला आमचा कोनमापक नव्वदपर्यंतच वाचतो. पुढचा कोन असला की एकशे ऐंशीतून वजा करायचा. एकशे पंचेचाळीसचा पस्तीस लिहायचा. लोखंडाच्या पट्टीला फरक पडत नाही, कोपरा या बाजूनं मोजा की त्या. सहा वर्षांची सवय. मूळ यादीवरून तक्ता उतरवताना हातानं तेच केलं, डोक्याला विचारलंच नाही. माझ्या लाडक्या घराण्यातले अर्धे चंद्र इकडून येत होते आणि अर्धे समोरून त्यांच्या अंगावर. एका दगडाचे तुकडे असे फिरत नाहीत.

कंपनीत टेबलाशी बसवेना. पाणी प्यायला तीनदा उठले. माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे ढीगभर प्रबंध, आकडा न् आकडा कोण बघणार होतं? तेवढ्यात ब्रॅकेटचा लॉट आला. भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं. सप्लायरचा माणूस मागेच लागला.

"सोडा ना ताई एवढा एक. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना," म्हणाले आणि होल्डचं पिवळं टॅग बांधलं. गाठ दोनदा सुटली.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं.

"सोमवारपर्यंत होईल?"

"नाही. सगळ्या जोड्या पुन्हा लावाव्या लागतील."

"आणि ती कॉलेजची जागा?"

"जाईल."

"तुझा चौथा गट?"

"तो नव्हताच, मॅडम."

"लाव मग पुन्हा," त्या म्हणाल्या. 'ठीक आहे, होतं असं' अशी समजूत काढली नाही. मला ते बरं वाटलं. पण वडिलांना काय सांगायचं, ते डबा संपेपर्यंत सुचलं नाही, आणि डबाही संपला नाही.

परतीच्या बसमध्ये ताईंनी खिडकीची जागा मला सोडली. "घावले का उलटे?"

"घावले."

मी पेन काढलं. पहिल्या ओळीतल्या पस्तीसवर काट मारली आणि एकशे पंचेचाळीस लिहायला घेतलं. मोशीच्या गतिरोधकावर बस उडाली, पाच वाकडा आला. तो खोडून पुन्हा लिहिला.