पिंपळीत चार्जिंगला लावलेली गाडी

मंडळी, आज इंदापूरहून बारामतीला एकटीच येत होते. इंदापुरातला चार्जर बंद निघाला आणि माझ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी तळाला गेलेली. एसी बंद केला, वेग कमी ठेवला. गतिरोधक दिसला की आधीच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. गाडी आपोआप मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. ही युक्ती मला आमच्या यांनी शिकवली होती. हे गेल्यापासून गाडीत बोलायला कुणी नसतं.

वाटेत एका म्हातारीनं हात केला. तिला पिंपळीला घरी जायचं होतं, मी गाडीत घेतलं.

"ब्रेक न दाबता गाडी हळू झाली व्हय गं?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, बॅटरीचंही.

"घरी वाट बघणारं कोन हाय?"

"कुणी नाही, मावशी."

"मग घाई कशाची? माझी पोरं बी लांब हायती. माझ्या घरी गोठ्याजवळ प्लग हाय, लाव गाडी. मी च्या टाकते."

बारामतीपुरती वीज कधीच भरली. तरी मी दिवस मावळेपर्यंत तिच्या ओट्यावर बसून राहिले. मावशीही 'निघ आता' म्हणाली नाही.

काही काम नसताना जाऊन बसावं, असं एखादं घर तुमच्याकडे आहे का?