तड्यावरची काच

शाळेतल्या सगळ्यांचे ते मामा. टेकडीवर देवळामागे शाळा, मामा तिथले शिपाई. तीस वर्षं त्यांनी वर पाणी चढवलं. पायऱ्या अठ्ठावन्न, दोन्ही हातांत बादल्या. हल्ली गुडघ्यांनी दगा दिला होता, चढताना नाकी नऊ यायचे. घरी बायकोपुढे कुरकुरतील तेवढंच, बाहेर शब्द नाही.

मग शाळेच्या भिंतीला तडा गेला म्हणून इंजिनिअर आला आणि त्यावर काचेची पट्टी चिकटवून गेला. "तडा वाढला तर काच फुटेल. लक्ष ठेवा," असं मामांनाच सांगून गेला. घ्या, म्हणजे कमालच झाली! महिनाभर मामा त्या काचेकडे बघत राहिले. काच ढिम्म. शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी बादलीचा काठ तिच्यावर टेकवला आणि जरासा जोर दिला. इमारत धोक्याची ठरली. वर्षभरात शाळा चालवणाऱ्या देवस्थानाने खाली रस्त्यालगत नवी शाळा बांधली, नळ अगदी दारात. पहिले चार दिवस मामा हवेतच होते.

पाचव्या दिवशी गुरुजी फळा समजून खिडकीवर लिहायला गेले. पोरं खो खो हसली. गुरुजींची नजर गेलीय, हे फक्त मामांना ठाऊक होतं. जुन्या शाळेत डोळ्यांवाचून अडत नव्हतं. उंबरा, फळा, खडूचा कोनाडा, सगळं हाताला पाठ. आता हे त्या दुपारी मामांना आठवू नये? नाही आठवलं. खरंच नाही. आपल्या गुडघ्यांपलीकडे त्यांना काही सुचलंच नव्हतं.

तेव्हापासून मामा रोज गुरुजींना हाताला धरून वर्गात नेऊ लागले. "मामा, तुम्ही आहात म्हणून माझी नोकरी आहे," गुरुजी म्हणायचे. शेवटी मामांनी बायकोला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा नि मोकळे व्हा." मोकळे व्हा म्हणे!

सांगितलं. व्हरांड्यात, हातात हात असतानाच. "गुरुजी, ती काच आपोआप नाही फुटली. मी फोडली. पायऱ्या होईनात मला."

गुरुजींनी आपला हात सोडवून घेतला आणि भिंत चाचपत एकटेच निघाले. वर्ग डावीकडे. ते उजवीकडे वळले आणि सामानाच्या खोलीचं कुलूपबंद दार ढकलत राहिले. मामा दहा पावलांवर उभे होते. "तिकडे नाही, गुरुजी," एवढंच तर म्हणायचं होतं, पण तेवढं म्हणायलाही त्यांना तोंड राहिलं नव्हतं.