बोंबलांच्या आडोशाला

डहाणूच्या एका शाळेत मी मुलींना लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी तयार करत होतो. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली होती. रोज सकाळी मुली आगरच्या किनाऱ्यावर पळायला जायच्या. परत यायच्या तेव्हा अंगाला घाम कमी आणि सुक्या मासळीचा वास जास्त असायचा.

एकदा मी मागोमाग गेलो. एक मावशी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिचं नाव मी कधीच विचारलं नाही.

"मावशी, मुली दिसल्या का?"

"मघाशीच गेल्या की, वाऱ्यासारख्या," ती मान वर न करता म्हणाली. बोंबलांच्या रांगेखालून मुलींचे बूट दिसत होते.

"खोटं कशाला बोलता?"

"तुमी नुसती शिट्टी वाजवत उभे राहता, सर. मीपण उभीच असते, पण माझे बोंबील तरी वाळतात."

बोंबलांमागे एकच खसखस पिकली.

दुसऱ्या दिवसापासून मीही पळू लागलो. सरांना मागे टाकायचं म्हणून मुली कुठेच थांबेनात. त्यातली एक स्पर्धेत तिसरी आली. मी मात्र रोज धापा टाकत मावशीपाशी पोचायचो. ती टोपली सरकवून जागा करायची आणि हळूच म्हणायची, "बसा घटकाभर. पोरींना नाय सांगणार."